तेंदूटोला ते हिरवाडोह, सात किलोमीटर

"काका, आज आपल्या कंप्युटरनं पहिली गाडी काढली."

यादोराव शहारे अजून दारातच छत्री झटकत होते. रंजिता टेबलामागून उठून आली आणि तिनं छापलेला कागद त्यांच्यापुढे धरला. देवरीत तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. मार्ग नकाशा कक्ष नावाच्या त्या दोन खोल्यांच्या कार्यालयात भिंतीला ओल आली होती, आणि कंप्युटरवर रंजितानं घरून आणलेलं प्लास्टिक अर्धवट बाजूला सारलेलं होतं.

सकाळी आठलाच तहसीलचा शिपाई तिच्या घरी आला होता. चिचगडच्या पलीकडे जंगलात हिरवाडोह नावाचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, आहे. तिथल्या विहिरीत पुराचं पाणी शिरून हगवण-उलटीची साथ पसरली होती. बारा जण अंथरुणाला खिळले होते. सलाईनच्या पेट्या आणि नर्स अनुसयाबाई यांना घेऊन जीप निघायची होती, पण ड्रायव्हर केशोराव जिल्ह्यातल्याच गोरेगावकडून नुकताच बदलून आलेला. त्याला इकडचे रस्ते ठाऊक नव्हते. मग रंजितानं कक्ष उघडला, कंप्युटर सुरू केला, निघायचं ठिकाण देवरी, पोचायचं ठिकाण हिरवाडोह असं भरलं आणि सर्वांत जवळचा मार्ग मागितला. पडद्यावर निळी रेघ उमटली. ती तिनं वळणांसकट छापून दिली.

यादोरावांनी चष्मा पुसून कागद वाचला. चिचगड, वीस किलोमीटर. तेंदूटोला, नऊ. तेंदूटोल्याच्या शाळेनंतर डावीकडे वळा. नाल्यावर पूल. हिरवाडोह, सात. एकूण छत्तीस.

"किती वाजता गेली गाडी?"

"सव्वानऊले."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

तेंदूटोल्यापासून हिरवाडोहला रस्ता नव्हता. कधीच नव्हता. तो यादोरावांनी काढला होता.

*

यादोराव ट्रेसर होते. इंजिनियरांनी पेन्सिलीनं आखलेलं ते शाईनं पक्कं करायचं, अक्षरं घालायची, प्रती काढायच्या, हे त्यांचं काम. १९७३ साली भंडाऱ्याला नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या घराण्यातले ते पहिलेच नोकरदार. हात इतका सरळ की वरिष्ठ दुसऱ्या कार्यालयातले लोक आणून त्यांची अक्षरं दाखवत. चौतीस वर्षांत त्यांचा एकही नकाशा परत आला नव्हता.

नकाशात ठिपक्यांची रेघ म्हणजे बैलगाडीची वाट आणि दोन समांतर रेघा म्हणजे बारमाही रस्ता. १९९३ च्या मार्चमध्ये तेव्हाचे एक साहेब त्यांच्या टेबलाशी आले. तेंदूटोला ते हिरवाडोह अशी ठिपक्यांची एक रेघ होती, तिच्यावर बोट ठेवून त्यांनी ती दोन समांतर रेघांनी भरून घ्यायला सांगितली. मध्ये नाल्यावर पूलही दाखवायला सांगितला. काम झालं आहे म्हणाले. यादोरावांनी विचारलं, कोणी पाहून आलं का? साहेब हसले. तुम्ही ट्रेसर आहात शहारे, पाहायला जायचं काम तुमचं नाही, असं म्हणून ते निघून गेले.

त्या कामाला अर्धा तासही लागला नाही. कोपऱ्यात नेहमीप्रमाणे त्यांनी सही घातली, या. शहारे.

तीन वर्षांनी निवडणुकीच्या ड्युटीवर ते तेंदूटोल्याच्या शाळेत गेले. संध्याकाळी कोणालाही न सांगता डावीकडच्या वाटेनं चालत निघाले. दोन किलोमीटर मुरूम टाकलेला होता. त्यापुढे गुडघाभर गवत, दोन चाकोऱ्या आणि दोन्ही बाजूंनी ऐनाची झाडं. ते तिथूनच मागे फिरले. परत आल्यावर त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. ज्यांनी रेघ भरायला लावली त्या साहेबांची बदली झाली होती. आता सांगायचं कोणाला, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

पुढे १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला. भंडाऱ्याहून नकाशांच्या गुंडाळ्या ट्रकनं आल्या आणि त्यांच्याबरोबर यादोरावही आले. २००५ च्या दिवाळीनंतर नागपूरहून एका डब्यात सीडी आली. मोटारीनं लांबचा प्रवास करणाऱ्या लोकांसाठी बनवलेलं ते सॉफ्टवेअर. दोन गावं सांगितली की मधला रस्ता ते स्वतः शोधून काढायचं, अंतर सांगायचं, किती वेळ लागेल ते सांगायचं. पण या भागातला त्याला फक्त देवरीतून जाणारा राष्ट्रीय महामार्ग माहीत होता. दोन्ही बाजूंना पांढरं. गावं, टोले, रस्ते आपले आपण भरायचे होते.

त्यासाठी रंजिता मेश्राम आली, चोवीस वर्षांची, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. जुने नकाशे पडद्यावर घेऊन ती माऊसनं रस्त्याच्या प्रत्येक वळणावर टिचकी मारायची आणि यादोराव शेजारी बसून सांगायचे. हा डांबरी. हा मुरमाचा. इथं पावसाळ्यात पाणी येतं, वेग कमी टाक. मशीनची यादोरावांना आधी भीती वाटली होती. पण आपल्या हातच्या रेघा पडद्यावर चालू लागलेल्या पाहून ते सुटीच्या दिवशीसुद्धा येऊ लागले. रंजिताला ते रस्ते शिकवत आणि ती त्यांना माऊस धरायला.

एका दुपारी चिचगडच्या पुढचा नकाशा पडद्यावर आला. यादोराव उठले. चहा पिऊन येतो म्हणाले. अर्ध्या तासानं ते परतले तेव्हा दोन समांतर रेघा भरून झाल्या होत्या. पूलसुद्धा. "झाला काका तो भाग," रंजिता म्हणाली होती.

"बरं," एवढंच ते म्हणाले होते.

*

आता त्यांनी चिचगडला फोन लावला. लागला नाही. लाइन कालपासून बंद होती. मोबाइलला देवरीबाहेर रेंज नव्हती, आणि केशोरावकडे मोबाइलही नव्हता. रंजिता विचारत होती, काय झालं, काही चुकलं का? ते सरळ आतल्या खोलीत कक्षप्रमुख राहांगडाले साहेबांकडे गेले.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दार लावून घेतलं. नोंदवहीत तो रस्ता आहे, ते म्हणाले. दोनदा त्याची दुरुस्ती दाखवलेली आहे. आज तुम्ही म्हणणार की रस्ताच नाही, तर उद्या सगळ्यात आधी कोणाला विचारतील? रस्ता नाही दिसला की ड्रायव्हर आपोआप मागे फिरेल. तासाभराचा उशीर होईल, दुसरं काय?

यादोरावांनी सांगितलं की सुरुवातीला दोन किलोमीटर मुरूम आहे. नवा माणूस मागे फिरणार नाही, पुढे जाईल. पुढे नाल्याला पूर असेल. शिवाय त्या बाजूच्या कच्च्या वाटेवर सरकारी गाडी घालू नका, अशी पोलिसांचीही ताकीद होती, आणि ती नक्षलवाद्यांच्या सुरुंगांमुळे होती हे दोघांनाही माहीत होतं.

"साहेब, कार्यालयाची गाडी द्या. मी जातो."

"काय लिहून देऊ गाडीच्या वहीत? कशासाठी चाललात?" साहेब आवाज न चढवता म्हणाले. "शहारेबाबू, सात महिने राहिले आहेत तुमचे. आराम से रिटायर हो जाओ."

यादोराव बाहेर आले. छत्री घेतली आणि पायरी उतरले. चिचगडची बस साडेअकराला होती, तीही आली तर. ते रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रककडे हात करत होते. तेवढ्यात मागून रंजिताची स्कूटी येऊन थांबली.

"बसा."

त्यांनी नको म्हटलं. ती पुन्हा म्हणाली, बसा. ते बसले.

पावसाचे थेंब खड्यासारखे लागत होते. भातशेतं संपून जंगल लागलं तसा रस्त्यावरचा माणूस कमी होत गेला. यादोरावांनीच पाठीमागून सगळं सांगितलं, पहिल्यापासून. हेल्मेटमधून तिला किती ऐकू गेलं ते त्यांना कळत नव्हतं. चिचगड मागे पडल्यावर एका वळणावर तिनं वेग कमी केला.

"मी तो रस्ता टाकत होती, तवा तुमी चहा प्याले गेले होते."

"हो."

"तवा तुमाले मालूम होता."

"मालूम होता, बाई."

तिनं पुन्हा वेग वाढवला. चिखलात स्कूटी दोनदा घसरली आणि दोन्ही वेळा तिनंच ती सावरली.

तेंदूटोल्याच्या शाळेत दारं बंद होती. डावीकडच्या मुरमावर जीपच्या चाकांचे खोल ठसे होते. पाण्यानं ते अर्धे भरले होते. परत आलेले ठसे नव्हते.

*

मुरूम संपला तिथं त्यांनी स्कूटी एका मोहाच्या बुंध्याशी लावली आणि चालू लागले. यादोरावांची चप्पल चिखलात राहिली, ती त्यांनी काढायचाही प्रयत्न केला नाही. चाकांचे ठसे कुठे गवतात नाहीसे होत, कुठे एखाद्या मोडलेल्या फांदीपाशी परत सापडत. दर वेळी ठसा दिसला की रंजिता पुढे पळायची. पुढून पाण्याचा आवाज येऊ लागला. आधी लांबून, मग इतका मोठा की बोललेलं कळेना.

उतारावर जीप दिसली. पुढची दोन्ही चाकं नाल्यात, बॉनेटवरून पाणी जात होतं. मागचा भाग एका ऐनाच्या मुळाला अडकला होता, म्हणून ती तेवढ्यावर थांबली होती. आत कोणी नव्हतं. त्यांनी दोघांच्या नावानं हाका मारल्या.

वरच्या बाजूला झाडाखाली अनुसयाबाई सलाईनच्या पेट्यांवर ताडपत्री धरून बसल्या होत्या. केशोराव त्यांच्याजवळ उकिडवा बसला होता, त्याच्या कपाळावर रक्त वाळलं होतं. माणसं दिसताच तो उठला आणि पाण्यानं भिजून लिबलिबीत झालेला कागद त्यानं खिशातून काढला.

"याच्यात पूल लिवला हाय जी. मी पाहूनच रायलो, का आता पूल येईल, आता येईल."

अनुसयाबाई पन्नाशीच्या होत्या, बोलायला फटकळ. त्यांचं माहेर चिचगडचं. शाळेपाशीच त्यांनी केशोरावला बजावलं होतं की इकडून वाट नाही, ककोडीवरून चल. त्यानं कागद दाखवला होता. कंप्युटरचा कागद म्हटल्यावर त्यांनाही वाटलं, एवढ्या वर्षांत झाला असेल पूल. आपण काय रोज येतो का इकडे? जीप घसरली तेव्हा दोघांनी मिळून सहाच्या सहा पेट्या पाण्यातून वर काढल्या होत्या. त्यानंतर पाणी उतरायची वाट पाहत त्या पलीकडच्या काठाकडे बघत बसल्या होत्या. त्या काठापासून हिरवाडोह दोन किलोमीटर होतं.

"कोणी काढला हा रस्ता?" त्यांनी विचारलं.

"मी," यादोराव म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. रागवायला त्यांच्याजवळ वेळ नव्हता. "मग उचला पेटी," त्या म्हणाल्या.

सव्वाबारा झाले होते. स्कूटीवर दोन बायका आणि दोनच पेट्या बसणार होत्या. एक पुढे पायाशी, एक अनुसयाबाईंच्या मांडीवर. परत चिचगड, अकरा किलोमीटर. तिथून ककोडीवरून वळसा, आणखी चौतीस. रंजितानं मनातल्या मनात हिशेब केला, तो यादोरावांना तिच्या चेहऱ्यावर दिसला. तीन वाजतील. तीनच्याही पुढे.

यादोरावांनी पेटी खांद्यावर घेतली. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शाईच्या टाकाहून जड काही उचललं नव्हतं असं नाही. लहानपणी बापाबरोबर धानाचे भारे वाहिले होते. पण पाय घसरत होते आणि काच फुटायची भीती होती. तीन किलोमीटरमध्ये ते दोनदा गुडघ्यावर आले, दोन्ही वेळा पेटी वर धरून. केशोराव मागून दुसरी पेटी घेऊन येत होता. मोहाच्या झाडाशी रंजितानं स्कूटी सुरू केली. पहिल्या किकला ती सुरू झाली नाही, दुसऱ्यालाही नाही. चौथ्या किकला झाली.

त्या गेल्यावर दोघे पुरुष उरलेल्या चार पेट्यांसाठी मागे वळले.

*

अनुसयाबाई हिरवाडोहला सव्वातीनला पोचल्या. बारापैकी अकरा जण वाचले. शामकला उइके, वय तीस, दीडच्या सुमारास गेली होती. गाडी ककोडीवरून सरळ आली असती तर बाराला पोचली असती. हे कोणी मोठ्यानं बोललं नाही. ज्याला वेळा ठाऊक होत्या त्यानं आपापलं मोजलं.

चौथ्या दिवशी राहांगडाले साहेबांनी अहवाल तयार ठेवला. कंत्राटी संगणक चालक हिनं नकाशा भरताना केलेल्या चुकीमुळे अस्तित्वात नसलेला मार्ग दाखवला गेला, सबब तिचं कंत्राट तत्काळ संपवण्यात यावं. खाली नकाशे तपासणारा म्हणून यादोरावांच्या सहीची जागा होती. रंजिताला हे आधीच कळलं होतं. ती कंप्युटरपुढे बसून सॉफ्टवेअरमधून तो रस्ता काढत होती. एकेक टिचकीसरशी निळी रेघ वळणावळणानं कमी होत होती. शेवटी पूलही गेला. मग तिनं पुन्हा देवरी ते हिरवाडोह भरलं. चोपन्न किलोमीटर, ककोडीमार्गे. तिनं तेही छापलं आणि भिंतीवर चिकटवलं.

तिनं यादोरावांकडे काही मागितलं नाही. त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सही उद्या करतो, असं सांगून ते घरी आले. रुक्माबाई तांदूळ निवडत होत्या. यादोरावांनी त्यांना सगळं सांगितलं. तेरा वर्षांत हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. रुक्माबाईंचे हात थांबले.

"तवा काऊन नाई बोलले?"

नोकरी जाईल म्हणून, असं म्हणावं तर त्यांना कोणी तशी धमकी दिली नव्हती. साहेबानं फक्त हसून सांगितलं होतं की पाहायला जाणं तुमचं काम नाही. ते ऐकून त्यांना बरंच वाटलं होतं, हे खरं होतं.

रुक्माबाई उठल्या, सूप बाजूला ठेवलं. "त्या पोरीचा बाप घरी येऊन विचारेल, तर मी दारात कोणता तोंड घेऊन उभी राहू?" त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन दिवा लावू लागल्या.

दुसऱ्या दिवशी यादोरावांनी साहेबांच्या अहवालावर सही केली नाही. एक कोरा कागद घेतला आणि आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं. मार्च १९९३ मध्ये, तोंडी आदेशावरून, तेंदूटोला ते हिरवाडोह हा सात किलोमीटरचा रस्ता व त्यावरील पूल मी नकाशात काढला. असा रस्ता जागेवर नव्हता व नाही. हे मला १९९६ पासून माहीत आहे. नकाशा संगणकात भरताना मी उपस्थित होतो व गप्प राहिलो. रंजिता मेश्राम यांची यात काहीही चूक नाही.

तीन प्रती काढल्या. एक साहेबांच्या टेबलावर ठेवली, एक गोंदियाला मोठ्या कार्यालयात पोस्टानं पाठवली, एक तहसीलला स्वतः नेऊन दिली आणि पोच घेतली. त्या दिवसापासून साहेबांनी त्यांना शहारेबाबू म्हणणं बंद केलं.

चौकशी लागली. आदेश देणारे साहेब निवृत्त होऊन नागपूरला राहत होते. असं काही सांगितल्याचं आठवत नाही, असं त्यांनी लेखी कळवलं. तोंडी आदेशाला पुरावा नव्हता. नकाशाच्या कोपऱ्यात मात्र सही होती, सुबक आणि स्पष्ट. यादोराव निलंबित झाले, आणि निलंबित असतानाच मार्चऐवजी जानेवारीत त्यांना सक्तीनं घरी बसवलं गेलं. निरोप समारंभ झाला नाही. चौतीस वर्षं ज्या टेबलावर मान घातली ते टेबल त्यांनी रिकामं केलं तेव्हा खोलीत कोणी नव्हतं.

रंजिताचं कंत्राट मुदतीपर्यंत चाललं. त्यानंतर तिला गोंदियात एका खाजगी कॉलेजात काम मिळालं. जायच्या आधी ती यादोरावांच्या घरी आली, रुक्माबाईंच्या पाया पडली. यादोरावांच्या पाया पडली नाही. पण बसली, चहा प्याली, आणि निघताना म्हणाली की काका, ककोडीकडचे चार रस्ते अजून भरायचे राहिले आहेत. नव्या पोराला समजत नाहीत, तो विचारायला आला तर सांगा.

*

फेब्रुवारीत, पळस फुलायला लागले तेव्हा, यादोराव एकटेच ककोडीच्या बसनं गेले आणि तिथून विचारत विचारत हिरवाडोहला पायी पोचले. अठरा-वीस घरं. शामकलाचा नवरा चैतराम अंगणात दोरी वळत बसला होता. चाळिशीचा, सडपातळ. त्यानं बाज पुढे ओढली, तांब्याभर पाणी दिलं. सरकारी माणूस दिसतो, कशासाठी आला असेल, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं, पण त्यानं विचारलं नाही.

यादोरावांनी ठरवून आणलेली वाक्यं होती. ती सगळी एकदम विसरली. त्यांनी तोडकंमोडकं सांगितलं. तेंदूटोल्याकडून इथपर्यंत एक रस्ता कागदावर होता. तो त्यांनी काढला होता. त्या दिवशी गाडी त्या रस्त्यानं पाठवली गेली, म्हणून उशीर झाला.

चैतराम दोरी वळायचा थांबला होता. शेजारच्या घरातून धान कांडल्याचा आवाज येत होता.

"आमाले कोणी सांगतला नाई, का रस्ता हाय म्हून," तो शेवटी म्हणाला.

"नव्हताच तो."

"कागदावर तर होता."

"हो. कागदावर होता."

"कसा होता?" चैतरामनं विचारलं. त्याच्या आवाजात टोचणी नव्हती. जसं आपण न पाहिलेल्या गावाबद्दल विचारतो तसं तो विचारत होता. "चांगला होता? पूल बी होता?"

यादोरावांनी तांब्या खाली ठेवला. "होता," ते म्हणाले. "पूल बी होता."

चैतरामनं मान हलवली. घरात जाऊन त्यानं पानावर भात आणि लाखोळीच्या पाल्याची भाजी आणून त्यांच्यापुढे ठेवली. यादोरावांनी पान स्वच्छ केलं. हात धुवायला पाणी चैतरामनंच घातलं. आतल्या भिंतीलगत एक हिरवं लुगडं घडी घालून दोरीवर टाकलेलं दिसत होतं.

उन्हं कलायला लागली होती. ककोडीची शेवटची बस आता मिळणार नव्हती. तेंदूटोल्याकडून गेलात तर पाचची गाडी सापडेल, चैतराम म्हणाला. वाट मी दाखवतो. दोघे निघाले. चैतराम पुढे, यादोराव मागे. गवत वाळून पिवळं झालं होतं आणि चाकोऱ्यांमध्ये पानं साचली होती. काही ठिकाणी वाट इतकी बारीक होत होती की पाऊल टाकायला जागा शोधावी लागायची, आणि अशा प्रत्येक ठिकाणी चैतराम थांबून मागे पाहायचा.

नाल्याला घोट्यापर्यंत पाणी होतं, काही जागी गुडघ्यापर्यंत. तळाचे दगड स्वच्छ दिसत होते, शेवाळलेले. यादोरावांनी चपला हातात घेतल्या, धोतर वर खोचलं आणि काठावर थबकले.

चैतराम पाण्यात उतरला. कुठला दगड हलतो, कुठला नाही, हे त्यानं पायानं चाचपून पाहिलं. मग समोर पाहतच त्यानं आपला उजवा हात मागे केला, आणि यादोरावांनी तो धरेपर्यंत तसाच धरून ठेवला.